रबरी कळांचा कॉम्प्युटर

रविवार, १६ नोव्हेंबर २०१४. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दुमजली घराची बेल माझ्या भावानं दाबली. दाराला तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर दादा, सगळ्यात खालच्या पायरीवर भूपाल चौगुले आणि मधल्या पायरीवर मी.

"कुंदे, त्याला सांग, आत गेल्यावर फार शहाणपणा शिकवू नको म्हणावं," दादा दाराकडं बघत म्हणाला.

"कुंदा, त्याला म्हणावं, आधी बेलवरचं बोट काढ. आतल्या बाईंना वाटेल आग लागली," भूपाल खालून म्हणाला.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघांत जेमतेम चार फुटांचं अंतर होतं आणि दोघांचेही कान शाबूत होते. पण डिसेंबर १९८८ पासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. माझ्या लग्नाच्या पंगतीत दादानं भूपालला जिलबीचा आग्रह करायला मला पाठवलं होतं. मी मुंडावळ्या बांधून गेले आणि आग्रह करून आले. भूपालनं दोन घेतल्या आणि "त्याला सांग, पाक कच्चा राहिलाय" असा निरोप दिला.

त्या रविवारचं कारण असं. ऑगस्टमध्ये दादाच्या हृदयाची एक नळी फुग्यानं उघडावी लागली. मिरजेत त्याचं औषधांचं दुकान आहे, सकाळी आठ ते रात्री दहा. डॉक्टर म्हणाले, रोज दोन तास दुकान सोडून आवडीचं काहीतरी करा. दादानं दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं की त्याला जुने गेम खेळायचे आहेत, शाळकरी वयात मस्कतच्या काकांनी आणून दिलेल्या कॉम्प्युटरवरचे. मोबाइलवर नकोत. खरा, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून गेम चढवायचा कॉम्प्युटर हवा. असे कॉम्प्युटर सांगलीत इनामदार बाई दुरुस्त करून विकतात, हे त्यानंच शोधून काढलं.

ही बातमी मी भूपालला सांगितली. तो तंत्रनिकेतनात शिकवतो आणि माझ्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहतो. दुसऱ्या दिवशी तो दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आला.

"त्याला सांग, घ्यायचा तर तसलाच घे. आणि घ्यायच्या आधी ही लावून बघायची. मी समोर असणार."

कॅसेटवर निळ्या शाईत लिहिलं होतं : आंबा घाट.

ते भूपालनं स्वतः लिहिलेल्या गेमचं नाव होतं. १९८८ साली त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, म्हणून चार महिने रोज संध्याकाळी तो आमच्या घरी येऊन तो लिहीत असे. लाल चौकोन म्हणजे एसटी. ती घाटातून खाली उतरवायची, वाटेत म्हशी. दिवस संपला की गेम कॅसेटवर भरायचा, दुसऱ्या दिवशी कॅसेटवरून पुन्हा चढवायचा. डिसेंबरमधल्या एका रविवारी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो दाखवायचा होता. शनिवारी कॅसेट आमच्या घरी राहिली. रविवारी दोघांनी कॉम्प्युटर, टीव्ही आणि आमचा टेपरेकॉर्डर हातगाडीवर घालून शाळेत नेले. पाहुण्यांसमोर चाळीस मिनिटं कॅसेट लावून बघितली. पडद्यावर दरवेळी एकच ओळ आली : टेप लोडिंग एरर.

भूपाल म्हणाला, तू माझ्यावर जळत होतास, तू पुसलंस. दादा म्हणाला, तू नीट भरलंच नव्हतंस. त्यानंतर दादाचे विकतचे गेमही चढेनात. कॉम्प्युटरच गेला, असं सगळ्यांनी ठरवलं आणि बाबांनी तो बाजारातल्या रेडिओवाल्याला देऊन टाकला. दोघांची दोस्तीही त्याच आठवड्यात गेली.

म्हणजे त्या सकाळी आम्ही म्हणायला कॉम्प्युटर निवडायला आलो होतो. खरं बघायचं होतं ते हे, की कॅसेटवर काही आहे की नाही. असलं तर दादा सुटला. नसलं तर भूपाल सव्वीस वर्षं बरोबर होता.

दार उघडलं. इनामदार बाई सत्तरीच्या पुढच्या, सुती साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला.

"चपला डावीकडं. हात धुऊन या. साबण लावून. कळांना तेल लागतं."

आम्ही तिघंही हात धुवायला गेलो. एकच नळ होता, त्यामुळं मी मध्ये उभी राहिले.

आतल्या खोलीत एका लांब टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडले होते, प्रत्येकावर भरतकाम केलेला रुमाल. बाईंनी एकेक रुमाल काढला.

"हा कमोडोर. कळा खऱ्या, आवाज गोड, गेम भरपूर. हा बीबीसी. एका शाळेतून आलाय, दणकट आहे, डोक्यात घातला तर माणूस जाईल. शिकायला उत्तम, खेळायला बेताचा. आणि हा स्पेक्ट्रम. कळा रबरी, खोडरबर दाबल्यासारखं वाटतं. आवाज डासाचा. रंग एकमेकांत सांडतात."

"मग हा घेतं कोण?" मी विचारलं.

"लहानपणी ज्याच्याकडं हाच होता तो. दुसरं कुणी घेत नाही. आणि माझा एक नियम आहे. घ्यायच्या आधी इथं बसून एक तास खेळायचं. नेऊन माळ्यावर टाकणाऱ्याला मी मशीन देत नाही." त्यांनी कुकरशेजारी ठेवतात तसला गजर आणून टेबलावर ठेवला. "बसा. कोणता?"

दादा सरळ कमोडोरपुढं जाऊन बसला.

"वा," भूपाल म्हणाला. "कुंदा, त्याला विचार, माझी कॅसेट ह्याच्यात चालणार का?"

"नाही चालायची," उत्तर बाईंनीच दिलं. "ह्याची भाषा त्याला कळत नाही."

"म्हणूनच तर तो तिथं बसला."

"कुंदे, त्याला सांग, मी आवाजासाठी बसलोय. मला डास नको. घरात आहेत."

"त्याला म्हणावं, सव्वीस वर्षांपूर्वी बरा चालत होता डास."

बाईंनी चष्मा खाली ओढून दोघांकडं बघितलं. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का?"

"नाही," दोघंही मला म्हणाले.

"बरं झालं सांगितलंत. दोन खेळाडूंचा गेम लावणार होते."

दादा वीस मिनिटं कमोडोर खेळला. अवकाशयान, भुतांचा बंगला, मोटारशर्यत. चांगला खेळला. पण मी शेजारी बसून बघत होते. त्याचा डावा हात सारखा टेबलाच्या कडेला जाऊन थांबत होता, शेजारच्या मशीनच्या रबरी कळांपासून वीतभर अंतरावर. भूपालच्याही ते लक्षात आलं असणार. तो काही बोलला नाही, आणि न बोलण्यासारखं काही असलं की भूपाल हमखास बोलतो.

"आवाज छान आहे," दादा शेवटी म्हणाला. "पण हे कुणा दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटतंय."

"बाई, आता ती कॅसेट लावूया का?" मी म्हटलं.

बाईंनी छोटा टीव्ही स्पेक्ट्रमला जोडला. चॅनेल लावतात तशी बटणं फिरवून चित्र पकडलं. एक काळा, चपटा टेपरेकॉर्डर आणला. भूपालनं कॅसेट आत सरकवली आणि कॉम्प्युटरपुढं बसला. त्या मशीनवर 'जे' ही कळ दाबली की 'लोड' हा अख्खा शब्द उमटतो. खाली न बघता त्याचं बोट 'जे'वर गेलं. पुढं ते थबकलं.

"शिफ्ट धरून पी. दोनदा," दादा पुटपुटला.

भूपालनं दोनदा पी दाबलं. दादा कुणाला सांगत होता, ते कुणी विचारलं नाही.

टेप सुरू झाली. आधी एक लांब सूर, मग किरकिर. पडद्याच्या कडेला लाल-निळे पट्टे सरकायला लागले, मग पिवळे. सव्वा मिनिट. पट्टे थांबले. खाली तीच ओळ आली.

टेप लोडिंग एरर.

पुन्हा लावली. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदाही.

"झालं?" भूपाल उठला. आवाज चढलेला नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल होत्या. "कुंदा, त्याला सांग, एवढंच बघायचं होतं. चल, मी निघतो."

"कुंदे, त्याला सांग, किरकिर ऐकू आली की नाही? पुसलेल्या टेपमधून किरकिर येत नाही! काहीतरी आहे त्याच्यात. ह्यानं भरताना घाण केली."

"त्याला सांग..."

"बसा हो दोघंही," इनामदार बाई म्हणाल्या. "तासातली पंचवीस मिनिटं शिल्लक आहेत."

त्यांनी शिलाईच्या डब्यातून घड्याळजीकडं असतो तसा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. टेपरेकॉर्डरच्या झाकणाच्या कडेला एक बारीक भोक होतं. टेप चालू ठेवून त्यांनी स्क्रूड्रायव्हर त्या भोकातून आत घातला, डोळे मिटले, कान खाली नेला आणि तो केसभर डावीकडं फिरवला. किरकिर बोदी झाली. केसभर उजवीकडं. किरकिर एकदम धारदार झाली, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी.

मी टेबलाची कड धरली.

"हे काय करताय?" भूपालनं विचारलं.

"टेप वाचणारं जे डोकं असतं, ते सरळ बसलेलं असावं लागतं. हा त्याचा स्क्रू. ज्या कोनात टेप भरली त्याच कोनात ती वाजायला हवी. कोन जरा हलला तर गाणं ऐकणाऱ्याला नुसतं बोदं लागेल, तो तक्रार करणार नाही. कॉम्प्युटरला तेवढंही चालत नाही." त्यांनी टेप मागं गुंडाळली. "जे दाबा."

भूपालनं जे दाबलं.

माझं लक्ष पट्ट्यांकडं नव्हतं. मला १९८८ची एक शनिवारची संध्याकाळ दिसत होती. मी चौदा वर्षांची, गाण्याच्या क्लासला जाणारी. सरांनी त्यांच्या टेपरेकॉर्डरवर एका कॅसेटमध्ये यमन भरून दिला होता, सोमवारी म्हणून दाखवायचा होता. आमच्या टेपरेकॉर्डरवर तो घोंगडीखालून गायल्यासारखा यायचा. क्लासमधल्या एका मुलीनं सांगितलं, त्या भोकात एक स्क्रू असतो, तो फिरव. आईच्या शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेऊन मी तो फिरवला. तंबोऱ्याच्या तारा झणझणून ऐकू येईपर्यंत फिरवला. मला फार आनंद झाला होता. घरी सांगितलं नाही, कारण टेपरेकॉर्डरला हात लावायचा नाही असा दादाचा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेपरेकॉर्डर हातगाडीवर चढून प्रदर्शनाला गेला.

ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं सव्वीस वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

"आला!" दादा ओरडला.

पडदा हिरवा झाला होता. मधोमध वेडावाकडा काळा रस्ता. वर इंग्रजी अक्षरांत 'आंबा घाट'. त्याखाली, लहान अक्षरांत, एक ओळ : बी. चौगुले आणि एस. खटावकर.

एस. खटावकर म्हणजे माझा दादा. श्रीनिवास.



दादानं ती ओळ वाचली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचली. मग तो वळला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा थेट भूपालकडं बघून बोलला.

"माझं नाव कशाला घातलंस?"

"म्हशी तू काढल्या होत्यास."

"दोनच काढल्या होत्या."

"मग? एकही एसटी त्यांच्या पुढं गेली नाही आजवर. खेळ."

दादा खेळला. पहिल्याच वळणावर लाल चौकोन म्हशीवर आदळला. भूपाल इतका हसला की बाईंनी पाणी आणलं. दुसऱ्यांदा तो स्वतः बसला आणि त्याच म्हशीवर आदळला.

"तुझा गेम आणि तुलाच येत नाही, लेका!"

"ब्रेक कुठं दिलाय मी त्यात? पंधरा वर्षांच्या... नाही, सतराचा होतो. सतरा वर्षांच्या पोराला ब्रेक सुचत नाही मर्दा."

गजर वाजला. कुणी लक्ष दिलं नाही. बाईंनी तो बंद करून ठेवला. दहा मिनिटांनी दादाचा हात एकदम थांबला.

"भूप्या. टेप पुसलेली नव्हती."

"नव्हती."

"आणि तू नीट भरली होतीस."

"होती."

"म्हणजे स्क्रू फिरला होता."

"आपोआप फिरतो का हो बाई?"

"आपोआप?" बाई म्हणाल्या. "भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून फिरवावा लागतो. कुणीतरी फिरवला असणार."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. त्या मिनिटाला मी सांगायला हवं होतं. मी तोंडही उघडलं होतं.

"तू फिरवलास!" दादा म्हणाला.

"मी? माझ्या गेमची मी वाट लावीन? शनिवारी टेपरेकॉर्डर तुझ्या घरी होता. तुला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड. काकांचं घड्याळ कुणी उघडलं होतं?"

"घड्याळाचं नाव काढू नको. टेपचं झाकण तू खोललं होतंस गणपतीत!"

"झाकण! स्क्रू नाही!"

"कबूल केलं, बघ!"

ते थेट बोलत होते. मी मध्ये उभी नव्हते. दोघांचे आवाज गेम लिहायच्या त्या दिवसांतल्यासारखे झाले होते आणि दादाचा चेहरा ऑगस्टनंतर पहिल्यांदा चांगला दिसत होता. मी तोंड मिटलं.

"ह्याचा निकाल सोपा आहे," रुमाल घालता घालता बाई म्हणाल्या. "तो टेपरेकॉर्डर शोधा. माणूस स्क्रू फिरवतो तो स्वतःची कॅसेट स्वच्छ ऐकू यावी म्हणून. आज त्या टेपवर ज्याची कॅसेट स्वच्छ वाजेल, त्यानंच फिरवला."

"तो कुठला आता सापडायला!" दादा म्हणाला.

मग खरेदी. दादा म्हणाला, स्पेक्ट्रम द्या. भूपाल म्हणाला, वेडा आहेस का, तो कमोडोर घे, आवाज बघ, कळा बघ, तुला बोटांना त्रास होईल. दादा म्हणाला, तूच सांगत होतास ना हा घे म्हणून. भूपाल म्हणाला, ते कॅसेटसाठी होतं, आता कॅसेट बघून झाली. अर्धा तास हे चाललं. आधी ज्याला जो नको होता, त्याची आता तो बाजू घेत होता. शेवटी बाईंनीच स्पेक्ट्रम जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला.

परतताना रिक्षात मी कडेला बसले. मध्ये बसायची सवय होती, पण जागा राहिली नव्हती.

त्यानंतर दर रविवारी दहा वाजता भूपाल मिरजेला दादाकडं जातो. आंबा घाट अजून कुणी पूर्ण उतरलेलं नाही. भूपालनं त्यात ब्रेक घातला, तर दादानं म्हशी वाढवल्या. स्क्रू कुणी फिरवला, हा वाद दर रविवारी साधारण अकराच्या चहाबरोबर निघतो. दादाच्या मते भूपालनं, भूपालच्या मते दादानं. मध्यंतरी दादाला पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा शुद्धीवर आल्यावर त्यानं भूपालला सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, "तूच फिरवलास." डॉक्टरांना वाटलं, भ्रम झालाय. माझ्यामार्फत आता कुणी निरोप देत नाही.

गेल्या बुधवारी दुपारी चार वाजता दादाचा फोन आला.

"कुंदे, आपला तो जुना टेपरेकॉर्डर. आई म्हणायची, तो तुझ्या लग्नात तुला दिला. गाण्यासाठी म्हणून. खरं का?"

मी म्हटलं, बघते.

"बघ काय, काढून ठेव. मी रविवारी दहाला येतो. भूप्या येतोय. बाईंनाही घेऊन येतोय, ऐंशी झाल्यात पण कान अजून शाबूत आहेत. दोघांच्याही जुन्या कॅसेटी आणतोय. दहा वर्षांचा निकाल लावून टाकू एकदाचा."

आज शनिवार आहे, दुपारचे तीन वाजलेत. टेपरेकॉर्डर काढून, पुसून मी समोर टेबलावर ठेवलाय. स्क्रूड्रायव्हर शिलाईच्या डब्यात आहे आणि डबा शेजारी आहे. स्क्रूला मी १९८८नंतर हात लावलेला नाही. मघाशी सरांची यमनची कॅसेट लावून बघितली. तंबोऱ्याच्या तारा स्वच्छ ऐकू येतात.